पलंगाला नवे पाय

सुतारकाका आले तेव्हा मी त्यांना थेट आतल्या खोलीत पलंगापाशी नेलं. आता टेप काढतील, उंची घेतील, कागदावर आकडे मांडतील, असं मला वाटत होतं. त्यांनी पलंगाकडे एकदा पाहिलं, गात्यावरून, म्हणजे चौकटीच्या दांड्यावरून, तळहात फिरवला आणि विचारलं, "ह्याच्यावर झोपतं कोण?" आई, असं म्हटल्यावर ते मागे वळले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "काकू, जरा बाहेर येता? चपला काढा आणि ह्या खुर्चीत बसा. टाचा टेकल्या पाहिजेत, पुरत्या." आई पदराला हात पुसत आली आणि बसली. काका तिच्यासमोर उकिडवे बसले, टेपचं टोक फरशीला लावलं आणि गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत पट्टी वर नेली. "साडेपंधरा," ते स्वतःशीच म्हणाले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी आकडा एका लाकडाच्या तुकड्यावर लिहिला आणि मग कुठे पलंगाकडे वळले.

ते माप घेणं माझ्या डोक्यातून जाईना. ब्लाउजला, चपलेला, चष्म्याला माणसाचं माप लागतं हे ठाऊक होतं. पलंगालाही लागतं हे कधी मनात आलं नव्हतं. हा पलंग म्हणजे घरात आधीपासून असलेली गोष्ट. आम्ही भावंडं जन्मलो तेव्हा तो होता, त्याच्या गात्याला धरून आम्ही उभं राहायला शिकलो, दुपारी त्याच्यावर चढायचं आणि धपकन उडी मारायची हा आमचा पहिला पराक्रम. त्याची उंची आम्ही कधी प्रश्न म्हणून पाहिलीच नाही. दाराची चौकट बुटकी आहे, वाकून जायचं. पलंग उंच आहे, पाटावर पाय देऊन चढायचं. जुन्या घरात वाढलेल्या माणसाला वस्तूंशी असं जमवून घ्यायची सवयच लागते आणि ती वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत टिकते. आईची टिकली होती.

पलंग आजोबांचा. वाईच्या वाड्यात, माजघराला लागून असलेल्या खोलीत तो असायचा. सागवानी, कातीव पायांचा, उशाकडे साधी नक्षी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीवर जे भरगच्च कोरीव काम व्हायचं, त्यातलं इथे काही नाही. चारही खुरांच्या, म्हणजे पायांच्या, डोक्यावर बोंडं आणि बोंडांत मच्छरदाणीचे दांडे बसवायची भोकं, एवढाच काय तो थाट. फळ्या जमिनीपासून २२ इंचांवर. एवढी उंची त्या काळी कुणी हौसेनं ठेवत नव्हतं. सारवलेल्या किंवा शहाबादी फरशीच्या जमिनीला पावसाळ्यात ओल यायची, विंचूकाट्याची भीती असायची, केरसुणी खालून फिरली पाहिजे असायची, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे घराचं निम्मं सामान पलंगाखाली राहायचं. बाळंतिणीची बाजसुद्धा उंच लागायची, कारण तिच्याखाली शेगडी सरकवून ओवा, बाळंतशोपा टाकून शेक द्यायचा. आईला माझ्या वेळी तो शेक ह्याच पलंगावर मिळाला. सुंभाची बाज मोडली होती, म्हणून आजीनं पलंगाच्या मधल्या दोन फळ्या काढून त्यावर घोंगडी पसरली होती. फळीच्या खालच्या अंगाला धुराचा तपकिरी डाग अजून आहे. हे मला आता कळलं, पलंग उलटा केल्यावर.

मग वाडा गेला, पुण्यातला फ्लॅट आला. पलंग टेम्पोत उभा करून आणला. तरीही बरीच वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती. अडचण सुरू झाली ती गादीनं. कापसाची गादी पिंजून आणली की चार बोटं जाड असते आणि महिन्याभरात दबून दोन-अडीच इंचांवर येते. पिंजाऱ्याची ती धनुकलीची टणत्कार आमच्या गल्लीत ऐकू येईनाशी झाली, तशा त्या गाद्याही गेल्या. भावानं आईच्या पाठीसाठी चांगली जाडजूड मॅट्रेस आणली, ६ इंचांची. म्हणजे २२ वर ६, झाले २८. साडेपंधरा इंचांची पोटरी असलेल्या बाईनं २८ इंचांवर रोज रात्री चढायचं आणि पहाटे उतरायचं. ती काठावर बसली की पाय लोंबायचे, गात्याची कड मांडीखाली रुतायची. मग ती पोटावर वळायची आणि लहान मूल जिना उलटं उतरतं तशी एक पाय खाली सोडून चाचपडत फरशी शोधायची. मी हे एका पहाटे पाहिलं. तिला दिसू नये म्हणून दारातच थांबले.

दरम्यान तिची स्वतःची उंचीही दीडेक इंचानं घटली आहे.

आमच्या ओळखीत बहुतेक घरांत उलटी गोष्ट आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या फ्लॅटांत जे दिवाण आले, ते बसके. छत खाली आलं तसं फर्निचरही खाली आलं, आणि खोली मोठी दिसावी म्हणून सोफे जमिनीला टेकले. त्यात फोम बसला की बैठक बारा इंचांवर येते. त्यातून उठणं म्हणजे गुडघ्याची परीक्षा. बैठक जितकी खाली, तितका गुडघा जास्त दुमडतो आणि शरीराचं वजन उचलताना मांडीच्या स्नायूला तितकी जास्त ताकद लावावी लागते. म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना डॉक्टर बुटक्या आसनावर बसू नका म्हणून बजावतात. घरोघरी दिवाणाखाली विटा दिसतात त्या ह्यामुळेच. कुणी लाकडी ठोकळे लावतं, कुणी प्लॅस्टिकच्या वाट्या आणतं. पूर्वी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या ठेवायचे, त्यांची आठवण होते. उंच करायला निदान असे उपाय आहेत. वस्तू खाली आणायची तर सगळ्यांना एकच सुचतं: कापा.

सुतारकाकांनाही मी तेच म्हटलं होतं फोनवर. आठ इंच पाय कापायचे आहेत. ते पलंगाखाली आडवे झाले, मोबाईलचा उजेड पाडून बराच वेळ पाहत राहिले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. खालून आठ इंच कापले तर खाली जो कातीव गोळा आहे तो जाईल, त्यावरचा मणी जाईल, आणि सुरईसारखा जो मधला भाग आहे तो निम्म्यात तुटेल. पाय कापलेला आहे हे आंधळ्यालाही दिसेल. दुसरा मार्ग म्हणजे पाय तसेच ठेवून गातेच खाली घ्यायचे, खुरात नव्या खाचा पाडून. पण खुरात जिथे गात्याचं कुसू, म्हणजे टोकाची तासलेली जीभ, शिरतं, तिथे लाकूड आधीच आतून पोखरलेलं असतं. त्याच्याखाली आणखी एक खाच पाडली की खूर कमजोर झाला, आणि जुनी भोकं उघडी पडली ती वेगळीच. "तिसरं काय?" मी विचारलं. "नवे खूर," ते म्हणाले. "हेच डिझाईन, बुटकं. हे जुने काढून ठेवा माळ्यावर. उद्या कुणाला उंच लागला तर परत ठोकून देतो. मी नसेन तर दुसरा कुणी देईल."

मला हे फार पटलं, कारण मामाच्या घरची घडवंची माझ्या डोळ्यांसमोर होती. दिवसा गाद्या, रजया घडी करून रचून ठेवायला उंच अशी ती सागवानी घडवंची, चार सरळ पाय आणि वरती पट्ट्यांची चौकट. अंथरुणं कपाटात जायला लागली तशी ती रिकामी पडली. मग कुणाच्या तरी सल्ल्यानं तिचे पाय दीड फुटावर कापून तिचा टीव्हीचा स्टँड झाला. दिसायला ठीक होता. पुढे टीव्ही भिंतीवर गेला आणि तो स्टँड कशाच्याच उपयोगाचा उरला नाही. वर जाता येईना, आणखी खाली येऊन करणार काय? कापलेले तुकडे बंबात गेले होते. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा मार्केटमध्ये मी जेवणाची भरदार टेबलं गुडघ्याएवढी कापून सोफ्यापुढे ठेवायला तयार केलेली पाहिली आहेत. पॉलिश झकास असतं. पण तळाशी हात लावला की करवतीनं सरळ कापलेला चौकोन लागतो, आणि एका हयात माणसाच्या सोयीसाठी पुढच्या सगळ्यांची सोय संपवली, असं वाटून मला वाईट वाटतं. लाकूड दीडशे वर्षं टिकतं. आपल्याला ते वीस-पंचवीस वर्षं वापरायचं असतं. तेवढ्यासाठी त्याला करवत लावू नये असं माझं ठाम मत आहे, आणि घडवंचीच्या वेळी मी लहान नसते तर तेव्हाही मी हेच म्हटलं असतं.

नव्या खुरांसाठी लाकूडही जुनंच हवं, असा काकांचा आग्रह. नवीन साग ओला असला तर सुकताना आकसतो आणि कुसू सैल पडतं. आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेलो. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या एका वखारीत रचून ठेवलेल्या. तिथला माणूस आधी आम्हाला बल्लारशाचा साग दाखवायला लागला, त्याला त्याचा अभिमान होता: २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी साग गेला तो तिथल्याच डेपोतून. पण काका त्या ढिगाकडे गेलेच नाहीत. ते जुन्या तुळयांवर बोटाच्या पेरानं टकटक करत फिरत राहिले. एका तुळईला खिळ्यांची भोकं होती, आणि भोकाभोवतीचं लाकूड शाईसारखं निळंकाळं पडलेलं. लोखंड आणि सागातला रस ह्यांनी मिळून तो रंग धरलेला असतो. तिचं एक टोक त्यांनी रंध्यानं थोडं खरवडलं आणि वास आला. कापलेल्या सागाचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. चामडं, जुनं तूप आणि कोरडी माती एकत्र केल्यावर येईल तसा काहीतरी. कोणाच्या वाड्याची तुळई होती ते वखारवाल्याला ठाऊक नव्हतं. आमच्या वाड्याच्या तुळयाही अशाच कुठल्यातरी वखारीत गेल्या असतील. त्यांचं पुढे काय झालं हे आम्ही कधी विचारलं नाही.

कातारी मार्केटच्या मागच्या गल्लीतच होता. पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, गुडघाभर भुसा आणि भिंतीवर टांगलेल्या कातलेल्या लाटण्यांच्या, गरगट्यांच्या ओळी. कोकणात सावंतवाडीला लाखकाम करणारे असे लाकूड फिरत असतानाच त्यावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून रंग चढतो. इथे रंगाचं काम नव्हतं, नुसता आकार. पण आकाराचीच खरी गोम होती. आमचा जुना खूर समोर ठेवून कातारी त्याच्याकडे किती तरी वेळ पाहत राहिला. खालून गोळा, मग मणी, मग सुरई, परत मणी, मग वरचा चौकोनी ठोकळा ज्यात गाते शिरतात. ठोकळा आणि बोंड बदलता येणार नव्हतं. आठ इंच जायचे ते सगळे खालच्या भागातून. सगळंच त्या प्रमाणात आखडून घेतलं असतं तर गोळ्याची चकती झाली असती. त्यानं सुरई निम्मी केली, खालचा मणी काढूनच टाकला आणि गोळा आहे तेवढाच ठेवला. "गोळा बारीक केला तर वजन दिसत नाही," तो म्हणाला. पटाशी लाकडाला टेकली आणि तपकिरी कातडं निघून आतून मधासारखा पिवळा साग बाहेर आला, लांबच लांब सालपट काढत.

पलंग खोलायच्या दिवशी आई शेजारच्या काकूंकडे जाऊन बसली. तिला ते बघायचं नव्हतं. लांबीचे गाते पाचरी काढल्यावर सहज सुटले. आडवे मात्र लाकडी खुंट्या ठोकून पक्के केलेले; काकांनी त्या मागून हलक्या हातानं काढल्या, सांध्यावर जुनं फडकं ठेवून हातोडी मारत. पहिलं कुसू बाहेर आलं ते अगदी कोरं, जणू कालच तासलेलं. आणि त्याच्या गालावर पटाशीच्या टोकानं मारलेल्या तीन उभ्या रेघा. खुराच्या खाचेशीही तीन रेघा. चारही खुरांवर त्या होत्या: एक, दोन, तीन, चार. ज्यानं पलंग केला त्या सुतारानं प्रत्येक कुसू त्याच्या त्याच्या खाचेसाठी तासलं होतं आणि अदलाबदल होऊ नये म्हणून खूण केली होती. मग काकांनी चारही खूर फरशीवर शेजारी शेजारी उभे केले. चौथा बाकीच्यांपेक्षा उंच होता. टेप लावून पाहिलं, दोन सूत. म्हणजे पाव इंच.

"हे चुकून नाही," काका म्हणाले. "एवढं काम करणारा माणूस दोन सूत चुकत नाही."

आणि मला वाड्यातली ती खोली आठवली. पलंगाचा भिंतीकडचा कोपरा जिथे यायचा तिथली फरशी खचलेली होती. मागच्या अंगानं न्हाणीचं पाणी मुरायचं, भिंतीलाही तिथे पोपडे धरायचे. आम्ही गोट्या खेळायचो तेव्हा गोटी कुठूनही सोडली तरी त्या कोपऱ्यात जाऊन थांबायची. सुतारानं पलंग त्या खोलीत उभा करून, त्या जमिनीवर, त्या कोपऱ्यासाठी तो खूर लांब ठेवला होता. फ्लॅटच्या सपाट टाइल्सवर पलंग आला आणि डुगडुगायला लागला. बाबांनी एका खुराखाली पुठ्ठ्याची घडी घातली, ती दरवर्षी दबायची, दरवर्षी नवी घालायची. जुन्या लग्नपत्रिका त्यासाठी राखून ठेवलेल्या असायच्या. जुना झाला, सांधे ढिले झाले, असं आम्ही सगळेच म्हणायचो. सांधा एकही ढिला नव्हता. पुठ्ठा ज्याच्याखाली जायचा तो खूरही बरोबर मापाचाच होता. लांब होता तो त्याच्या शेजारचा. जो वाडा आम्ही विकला, त्याच्या जमिनीचा खळगा ह्या एका पायानं इतकी वर्षं जपून ठेवला होता. बाबा असते तर त्यांना हे कळून किती बरं वाटलं असतं. त्यांनीच सगळ्यात जास्त वेळा वाकून ती घडी बदलली.

वस्तूची उंची बदलायचं बाबांचं स्वतःचं एक काम मात्र चांगलं होतं. आजोबांचं एक बैठं मेज होतं, मांडी घालून लिहायचं, उताराचं झाकण, आत टाक-दौत आणि रोजकीर्दीच्या वह्या. फूटभर उंच. बाबांना निवृत्त झाल्यावर मांडी घालून बसवेना. त्यांनी एका रविवारी त्याच्या तळाला चार कोपऱ्यांत लोखंडी पट्ट्या बसवल्या आणि त्यांत बोल्टनं आवळायचे चार पाय स्वतः तासून लावले. मेज ३० इंचांवर आलं. खुर्चीची बैठक साधारण १७-१८ इंचांवर असते. तिच्यावर मेज फूटभर उंच असलं की कोपर नीट टेकतं. हे त्यांनी कुठे वाचलं होतं का खुर्चीत बसून बसून शोधलं होतं, माहीत नाही. पेन्शनीचे सगळे हिशेब त्यांनी त्यावर केले. गेल्या वर्षी भाच्याला जमिनीवर बसून अभ्यास करायची हुक्की आली. त्यानं पान्यानं चार बोल्ट फिरवले, पाय काढून ठेवले, आणि मेज पुन्हा आजोबांच्या उंचीवर. तळाला पट्ट्या तेवढ्या राहिल्या आहेत. आजोबांचं झाकण जसंच्या तसं आहे, पणतू त्यावर गणितं सोडवतो, आणि मध्ये एक माणूस पंधरा-वीस वर्षं खुर्चीत बसून त्यावर लिहून गेला.

नवे खूर बसवले ते आमच्याच टाइल्सवर. टाइल्ससुद्धा वाटतात तेवढ्या सपाट नसतात. काकांनी पलंग जागेवर उभा केला, स्पिरिट लेव्हल गात्यावर ठेवली, एका खुराखाली पातळ प्लायचा तुकडा सरकवत सरकवत बुडबुडा मध्यावर आणला. मग लाकडाच्या एका चपट्या ठोकळीवर पेन्सिल आडवी धरली आणि ठोकळी फरशीवरून सरकवत प्रत्येक खुराभोवती गोल रेघ ओढली. चार खुरांवर चार रेघा, जमिनीपासून नेमक्या सारख्या उंचीवर. तेवढंच बारीक करवतीनं काढलं, पॉलिश पेपर फिरवला आणि तळाला नमद्याच्या चकत्या चिकटवल्या. तीन पायांच्या तिवईला ही यातायात नसते, ती कुठेही स्थिर उभी राहते. चौथा पाय आला की जमिनीशी बोलणी करावीच लागतात. नव्या खुरांच्या गालांवर काकांनी पटाशीनं रेघा मारल्या, एक, दोन, तीन, चार. मी सांगितलं नव्हतं.

फळ्या आता १४ इंचांवर आहेत. मॅट्रेस बदलून ४ इंचांची घेतली. झाले १८, दाबलं की १७. आईच्या पोटरीपेक्षा थोडं जास्तच, आणि ते तसंच हवं, उठताना सोपं जातं.

पण पलंग काही दिवस मला बघवेना. जो खोलीत उभा असायचा तो बसल्यासारखा वाटायला लागला. आणि त्याच्याखालचं जग संपलं. त्या जगाबद्दल मला लिहायचंच आहे. मे महिन्यात दुपारी वाड्यात सगळीकडे आग असायची, तेव्हा पलंगाखालची शहाबादी फरशी गार असायची. आम्ही तिथे पालथे पडून पुस्तकं वाचायचो, गाल फरशीला लावून. एका अंगाला पेंढ्यात आंब्याची अढी घातलेली असायची. आजी सकाळ-संध्याकाळ हात घालून आंबे चाचपायची, पिकलेले वर काढायची, आणि तो सगळा वास, पेंढ्याचा, चिकाचा, एखादा डागी आंबा उतरायला लागल्याचा आंबूस, त्या एवढ्याशा जागेत कोंडून राहायचा. वरून माणसं बोलत असायची. मोठ्या माणसांच्या किती गोष्टी मी तिथून ऐकल्या: कुणाचं लग्न मोडलं, कुणी कर्ज काढलं, आत्याच्या सासरी काय चाललंय. पायांवरून माणसं ओळखू यायची. भेगाळलेल्या टाचा आजीच्या, जोडवी आईची, वहाणेचा पांढरा पट्टा राहिलेली पावलं आजोबांची. दहा-बारा इंचांच्या फटीत आता एखादी बॅग सरकते. मूल नाही जाणार. तसं आता घरात तेवढं मूलही नाही, पण ते जाऊ शकणार नाही ह्याची मला हुरहुर लागली.

आईची ट्रंकही बाहेर काढावी लागली. काळ्या रंगाची, कडीकोयंड्याची, १४ इंच उंच. लग्नात आलेली, तेव्हापासून पलंगाखालीच. ती उघडली तर नऊवारी दोन, बाबांचा लोकरीचा कोट, आमची बाळुती शिवायला फाडून उरलेली मऊ धोतरं, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. आई दुपारभर ती पसरून बसली. पलंगाच्या काठावर बसून, पाय खाली टेकवून, एकेक मांडीवर घेऊन. मधेच उठून पाणी पिऊन आली, परत बसली. मी मुद्दाम पाहत होते. हात कुठेही टेकला नाही.

तिला विचारलं, बरं वाटतंय का, तर म्हणाली, "बरं आहे. पण खिडकीतून कडुलिंब दिसायचा, तो आता दिसत नाही पडल्यावर. नुसती खिडकीची चौकट दिसते." हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आठ इंच खाली आलो की नजरही आठ इंच खाली येते. पलंगाचं उसं फिरवून पाहिलं, तिरका लावून पाहिला. शेवटी पायथ्याकडे डोकं केल्यावर शेंड्याचा थोडा भाग दिसायला लागला. तिथे पंख्याचं वारं लागत नाही. दुपारी ती तशी झोपते आणि रात्री इकडे.

एकदा मापं दिसायला लागली की सगळ्या घराची दिसतात. घरातली पहिली उंची बदलली होती ती संडासाची, तेव्हा कुणी त्याचा असा विचार केला नव्हता, गरज होती आणि कमोड बसवला. ओटा आईच्या कमरेला बरोबर आहे, कारण तो ती चाळिशीत असताना तिला उभं करून बांधला. झोपाळ्याचं सोपं आहे, त्याला पाय नाहीत. पितळी साखळीची एक कडी वरच्या आकड्यात अडकवली की तो वर येतो, आणि ते आम्ही दोनदा केलं आहे. राहिला देव्हारा. तो जमिनीवर आहे, पाटावर बसून पूजा करायच्या मापाचा. आई गेली काही वर्षं खुर्ची ओढून घेते आणि वाकून, एक हात भिंतीला टेकवून, देवांना गंध लावते. समई लावताना ओणवी होते तेव्हा पदराची मला भीती वाटते. भाऊ म्हणतो देव्हाऱ्यालाच पाय बसवू. मी म्हणते देव्हाऱ्याला हात लावायचा नाही, त्याच्याखाली एक वेगळा उंच चौरंग करायचा, उद्या कुणाला परत जमिनीवर बसून पूजा करायची असली तर चौरंग बाजूला ठेवता आला पाहिजे. त्यावर आमचं बोलणं चालू आहे. आईला दोन्ही चालेल. तिचं म्हणणं एवढंच आहे की जे काही कराल त्याला वाती-उदबत्त्यांसाठी एक ड्रॉवर हवा, आणि तो उजवीकडे. "डावीकडे करू नका," ती म्हणाली, "डाव्या हातानं देवाचं काही काढवत नाही मला."